पाच पसंत्या आणि बंद लिफ्ट

काकांनी लोकशाही सुधारायला घेतली ती काकूंच्या गुडघ्यामुळे. एरवी त्यांचा तो स्वभाव नव्हता. दुकानात कुणी रांग मोडून पुढे घुसलं तर 'होऊ द्या तुमचं' म्हणणारे, आणि बसमध्ये कुणी पायावर पाय दिला तर आपणच 'माफ करा' म्हणणारे ते गृहस्थ. चाळीस वर्षं त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासली. त्यामुळे इमारतीत तोंडावर त्यांना 'काका' म्हणत आणि ते जिन्याच्या वळणाआड गेले की 'शुद्धिपत्र'. काकांना हे ठाऊक होतं. वर्णन बरोबर असल्यामुळे त्यांची काही हरकत नव्हती.

गुडघ्याची हकीकत अशी. काकूंची शस्त्रक्रिया झाली, त्या लिफ्टने चौथ्या मजल्यावरच्या घरी आल्या, आणि पुढच्याच आठवड्यात लिफ्ट बंद पडली. त्याला आता आठ महिने झाले होते. मधे एकदा तपासणीसाठी चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून खाली नेलं. नेणारे सज्जन होते, पण जिन्याच्या प्रत्येक वळणावर "जरा तिरकी करा", "पाय तुमच्याकडे घ्या", "कोपरा सांभाळा" असं त्यांचं चाललं होतं. घरी परत आल्यावर काकू म्हणाल्या, "सोफा वळवतात तसं वळवलं मला. आता उतरेन ती लिफ्टनेच." आणि त्यांचं जग गॅलरीपुरतं उरलं. गॅलरीतून फाटकाजवळचं बाक दिसायचं, बाकावर बसलेली माणसंही दिसायची, पण फक्त वरून. "नुसती टाळकी दिसतात हो," काकू म्हणायच्या. "कोण हसतंय, कोण रुसलंय, काही म्हणता काही कळत नाही."

लिफ्टचा विषय चेअरमनकडे होता. चेअरमन तळमजल्यावर राहायचे. जुनी दुरुस्त करावी की नवीच बसवावी, यावर ते आठ महिने विचार करत होते आणि विचारात घाई करणं त्यांना पसंत नव्हतं. काका दर महिन्याला ठणकावून सांगायचं म्हणून चार जिने उतरून त्यांच्या दारापर्यंत जात. दार उघडलं की म्हणत, "सहज आलो होतो. बरं आहे ना?" चेअरमनचं नेहमी बरं असे. काका परत चार जिने चढत.

अशातच वाचनालयात काकांच्या हाती मतदानाच्या पद्धतींवरचं एक पुस्तक आलं. त्या जाडजूड पुस्तकाचं गेल्या अकरा वर्षांत कुणी पानही उलटलं नव्हतं. काका मात्र ते वाचता वाचता खुर्चीत सरळ होऊन बसले. मागच्या निवडणुकीत इमारतीच्या वीस घरांपैकी चेअरमनना सात मतं मिळाली होती. बाकी तिघांना पाच, चार आणि चार. म्हणजे तेरा घरांना चेअरमन नको होते आणि तरी तेच निवडून आले होते! दोष चेअरमनचा नव्हताच. दोष पद्धतीचा होता.

या शोधाने काकांना जो आनंद झाला तो लाजाळू माणसालाच कळेल. दोष पद्धतीचा असला की कुणाशी भांडावं लागत नाही.

"एकालाच मत द्यायचं नाही," त्यांनी काकूंना समजावलं. "सगळ्या उमेदवारांना पसंती द्यायची. पहिली, दुसरी, तिसरी अशी. पहिल्या पसंतीत कुणालाच निम्म्याहून जास्त मिळाली नाहीत, तर शेवटच्याला बाद करायचं आणि त्याची मतं ज्याच्या त्याच्या दुसऱ्या पसंतीला द्यायची."

"म्हणजे लिफ्ट सुरू होईल?"

"आधी बहुमत खरं होईल."

"आणि खरं बहुमत लिफ्ट सुरू करेल?"

"करायला हवी."

काकू म्हणाल्या, "त्यापेक्षा तुम्ही एकदा त्या माणसावर ओरडत का नाही?"

"अगं, माणसावर ओरडून काय होतं?" काका म्हणाले. "पद्धत बदलावी लागते."

पद्धत बदलायची तर लोकांशी बोलायला हवं. काका दारोदार गेले. पहिल्या मजल्यावर दातांचे डॉक्टर होते. समोरच्याच्या तोंडात हत्यारं घालून बोलायची आयुष्यभराची सवय असल्यामुळे समोरचा उत्तर देईल ही कल्पनाच त्यांच्या मनात येत नसे. "काका, किडलेला दात आहे तो," ते चेअरमनबद्दल म्हणाले. "नंबर कसले देताय? मुळासकट काढा. उघडा राहू दे तोंड, बोलू नका." काकांचं तोंड उघडंच होतं. लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार म्हणाले, "निवडणुकीची भानगडच कशाला? पाळी लावा. दर महिन्याला एक चेअरमन. चुकला की मैदानाला तीन फेऱ्या." विमावाल्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पद्धतीचं तोंडभरून कौतुक केलं आणि शेवटी काकांचं वय विचारलं.

एकट्या गणिताच्या बाईंनी विषय मनावर घेतला. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी त्यांच्या हातात लाल पेन असायचं. काकांची टिपणांची वही त्यांनी दोन दिवस ठेवून घेतली, सातव्या पानावर बेरजेतली एक चूक काढली आणि खाली सही करून दिली. वर निवडणूक अधिकारी व्हायचंही कबूल केलं. "पण मी नियमाने जाईन," त्यांनी बजावलं. "मागून कुणी यायचं नाही, मला असं म्हणायचं नव्हतं नि तसं म्हणायचं होतं."

"छे छे," काका म्हणाले. नियमाने जाणारं माणूस मिळालं या आनंदात त्यांना पुढचं काय दिसणार!

यानंतर सरकारी कचेरी. कचेरीतल्या कारकुनाने अर्ज उलटसुलट वाचला.

"निकालाच्या नमुन्यात 'मिळालेली मते' असा एकच रकाना आहे. तुमच्या त्या पसंत्या लिहायच्या कुठे?"

"आणखी रकाने आखले तर?"

"नमुना माझा नाही, वरून आलाय. पूर्वी कुणी असं केलंय का? त्याचा दाखला आणा."

"पण पूर्वी कुणी केलेलं नाही म्हणून तर सुधारणा..."

"मग दाखला नाही म्हणा ना सरळ."

काका चार वेळा गेले. चौथ्या खेपेला कारकुनाला दया आली असावी. त्याने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, "आजोबा, याला बंदी नाही. पण बंदी नाही असं लेखी देता येत नाही. तुम्ही आपलं करून टाका आणि आम्हाला कळवू नका." काकांनी त्याचे दोन वेळा आभार मानले. कचेरीत आपल्याला कुणी इतकं खरं सांगेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

सगळ्यांत सोपे निघाले ते खुद्द चेअरमन. "करा की," ते म्हणाले. "नऊ वर्षांत मी कशाला नाही म्हटलंय?" हे खरंच होतं. ते कशालाच नाही म्हणत नसत. तोच तर सगळा घोटाळा होता.

सर्वसाधारण सभेत काकांनी पद्धत समजावून सांगितली. त्यांनी ती आपल्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाला सांगितली. मागच्या रांगांना फक्त 'धन्यवाद' एवढंच ऐकू गेलं आणि त्यावर त्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. सभा उठता उठता डॉक्टर म्हणाले, "सुधारणा तुमची, तर उभंही तुम्हीच राहायचं. गप्प, मी अर्ज भरतो." त्यांनी भरलाही. अशा रीतीने चेअरमन, डॉक्टर, सुभेदार, विमावाले आणि काका असे पाच उमेदवार झाले. आपण निवडून आलो तर सभेत मोठ्याने बोलावं लागेल, या धास्तीने काकांचं जेवणावरून मन उडालं. पण चेअरमन झालो तर लिफ्टवाल्याला फोन करायला कुणाची परवानगी लागणार नाही, हेही त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि ते उभे राहिले.

मतपत्रिकेचा मजकूर काकांनी स्वतः केला. इथे मात्र त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पहिला मसुदा दीड पानाचा झाला. त्यांनी तो अर्ध्या पानावर आणला, मग सहा ओळींवर, मग तीनवर. 'एक म्हणजे सर्वांत आवडता उमेदवार' हे वाक्य शेवटपर्यंत टिकलं होतं. छापायला देण्याच्या सकाळी मात्र त्यांना ते खटकलं. हे म्हणजे वाचणाऱ्याच्या अकलेवर शंका घेणं झालं! पहिला तो पहिला, हे काय कुणाला सांगायला हवं? त्यांनी ते वाक्य हलक्या हाताने उडवलं. उरलं ते असं: 'प्रत्येक नावासमोर आपल्या पसंतीनुसार एक ते पाच यांपैकी अंक लिहावा. एक अंक दोनदा वापरू नये.' काकांनी ते पुन्हा वाचलं. एक अक्षर कमी नाही, एक अक्षर जास्त नाही. चाळीस वर्षांत दुसऱ्यांच्या मजकुरात जे करता आलं नाही ते आज स्वतःच्या मजकुरात साधलं, असं वाटून त्यांना भरून आलं.

रविवारी सकाळी मीटरच्या खोलीशेजारी टेबल मांडून मतदान सुरू झालं. अकरापर्यंत एकोणीस घरांची मतं पडली. विसावं मत काकूंचं. घर काकूंच्या नावावर असल्यामुळे त्या घराचं मत त्यांनीच द्यायचं होतं. चेअरमन म्हणाले, "पेटी काही मतदाराकडे जात नाही. मतदार पेटीकडे येतो."

बाईंनी चष्मा खाली सरकवला. "काकांच्या नियमावलीत कलम नऊ आहे. ज्याला जिना उतरता येत नाही त्याच्याकडे पेटी जाईल."

"मग पेटीबरोबर मी येणार. वाटेत काय होईल सांगता येत नाही."

"या की."

पुढे पेटी घेऊन बाई, मागे काका, त्यांच्यामागे चेअरमन, अशी मिरवणूक निघाली. चेअरमन गेल्या नऊ वर्षांत पहिल्या मजल्याच्या वर गेले नव्हते, तशी गरजच पडली नव्हती. दुसऱ्या मजल्यावर त्यांनी बोलणं बंद केलं. तिसऱ्यावर पायरीवर बसले आणि कठड्याला धरून काकांना विचारलं, "अजून किती?" काकांना कसंसंच झालं. त्यांनी "झालंच की आता" म्हणत चेअरमनच्या पाठीवर हात ठेवला. आठ महिने ज्याच्यावर ओरडायचं ठरवत होतो त्याच्याच पाठीवरून आपण हात फिरवतोय, हे त्यांच्या जरा उशिराच लक्षात आलं.

वर काकूंनी चेअरमनना खुर्ची दिली, पाणी दिलं. आणि मग विचारायला सुरुवात केली. खाली कोण कोण आलंय? विमावाल्यांची आई आता काठी घेते का? वरून तसं वाटतं. बाकावर संध्याकाळी एक नवीनच जोडी बसते, ती कुणाकडची? बोलते की नुसतीच बसते? दुसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईचं बाळ कुणासारखं दिसतं? "त्याची टाळू तेवढी पाहिलीय मी," त्या म्हणाल्या. "छान आहे टाळू."

चेअरमन एकेकाचं उत्तर देत गेले. बाळाचं नाक बापावर गेलंय हे सांगताना त्यांनी हातातला पेला तसाच धरून ठेवला होता. शेवटी बाई खाकरल्या, काकूंनी कागदावर अंक लिहिले, घडी पेटीत टाकली आणि मिरवणूक खाली उतरली.

दुपारी मोजणी झाली. बाईंनी फळ्यावर खडूने आकडे मांडले. एक पत्रिका बाद. कुणीतरी पाचही जणांना तीन-तीन दिले होते आणि खाली 'सगळेच आपले' असं लिहिलं होतं. उरलेल्या एकोणीस पत्रिकांपैकी पहिली पसंती: चेअरमन बारा, डॉक्टर तीन, सुभेदार दोन, विमावाले दोन, काका शून्य.

टाळी कुणीच वाजवली नाही. जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. "निम्म्याहून जास्त," बाई म्हणाल्या. "दुसरी फेरी लागत नाही. चेअरमन विजयी." इमारतीच्या इतिहासात इतकं खरं बहुमत कुणालाच मिळालं नव्हतं.

काका जिना चढू लागले. त्यांना निवडून यायचं नव्हतंच. पण शून्य? स्वतःचं मत त्यांना नव्हतंच, ते सोडा. चाळीस वर्षांच्या शेजाऱ्यांपैकी एकालाही नाही? आणि तिसऱ्या मजल्यावर त्यांना एकदम थांबावंच लागलं. शून्यात घरचंही मत आलं.

काकू गॅलरीत भाजी निवडत होत्या. "तूसुद्धा?" काका एवढंच म्हणाले.

"पाचवा नंबर दिला मी तुम्हाला," काकू शांतपणे म्हणाल्या. "एक मी डॉक्टरांना दिला. तुम्ही निवडून आला असतात तर पहिल्या सभेच्या आदल्या दिवशी ताप भरला असता तुम्हाला. मला लिफ्ट हवी होती. आजारी नवरा नको होता."

तेवढ्यात दारावर थाप पडली. डॉक्टर, मागे सुभेदार, मागे दुसऱ्या मजल्यावरची सूनबाई, कडेवर बाळ. सगळ्यांचे चेहरे पडलेले.

"काका, मोजण्यात काहीतरी घोळ आहे," डॉक्टर म्हणाले. "मी तुम्हाला पैकीच्या पैकी दिले होते. स्वतःला चारच घेतले. पाचपैकी पाच तुम्हाला!"

"मीसुद्धा!" सूनबाई म्हणाली. "फोनवर पाच तारे देतो ना आपण, तसे. आणि चेअरमनना एक."

"मी चेअरमनना शून्य देणार होतो," सुभेदार गरजले. "पण तुमचा हुकूम होता एक ते पाच. हुकूम म्हणजे हुकूम."

काकांनी उरलेली एक मतपत्रिका शोधली आणि ती वाचली. एक अक्षर कमी नाही, असं त्यांना त्या दिवशी वाटलं होतं. कमी होतं. पाच शब्दांचं एक अख्खं वाक्य कमी होतं. ज्यांना चेअरमन सर्वांत नको होते त्या अकरा घरांनी मिळून त्यांना दणदणीत निवडून दिलं होतं, आणि तीच घरं काकांवर जीव टाकून त्यांना तळाशी घालून आली होती. बाळ काकांचा चष्मा ओढू लागलं. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यामुळे असं सगळ्यांनी समजून घेतलं.

ते तडक बाईंकडे गेले. बाईंनी मान हलवली. "मुलाला काय लिहायचं होतं ते मी कधी तपासलं नाही, काका. काय लिहिलंय ते तपासलं. पेपर जमा झाला की झाला."

आता एकच दार उरलं होतं. सोमवारी सकाळी काकांनी ते ठोठावलं. चेअरमननी उघडलं. काकांनी 'सहज आलो होतो' हे शब्द ओठांवर आले होते ते गिळले आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. वाक्य कसं उडवलं, लोक कसे चुकले, बारा म्हणजे काय. शेवटी म्हणाले, "चूक माझी आहे. निवडणूक रद्द धरा."

"मला कालच कळलं," चेअरमन म्हणाले. "आमच्या घराची चिठ्ठी हिने भरली. संध्याकाळी मी म्हटलं, बघ, बारा! तर म्हणते, मी एक दिला होता, पाचपैकी." ते थोडं हसले. "म्हटलं, एक तरी का दिलास? तर म्हणे त्याच्या खाली सोयच नव्हती."

काका हसावं की नाही या विचारात पडले.

"नऊ वर्षं सात-आठ मतं मिळायची," चेअरमन पुढे म्हणाले. "बाकीचे काय म्हणतात ते कधी कळलंच नाही. बरं, ते असू दे. लिफ्टवाला उद्या येतोय."

"उद्या? म्हणजे निकाल लागल्यावर तुम्ही..."

"निकाल कुठला! काल पेटी घेऊन खाली आलो ना, तेव्हाच फोन केला. मोजणी व्हायची होती अजून." त्यांनी गुडघा चोळला. "अजून दुखतोय हो. आणि काकूंनी त्या बाळाचं नाक विचारलं ना, तेव्हा मला काही सुधरेना."

काकांना क्षणभर वाईटही वाटलं. दोन महिन्यांचं वाचन, चार वेळा कचेरी, पाच पसंत्या, त्यांच्या फेऱ्या, आणि यातलं काहीच लिफ्टपर्यंत पोचलं नव्हतं! कामी आलं होतं ते कलम नऊ, आणि ते लिहिताना तर त्यांनी फारसा विचारही केला नव्हता. पण हे वाईट वाटणं चौकटीतच विरून गेलं. लिफ्टवाला उद्या येणार होता.

"मग पुन्हा घ्यायची निवडणूक?" चेअरमननी विचारलं. "तुम्ही म्हणाल तसं. मी नाही म्हणणार नाही."

"नको, नको," काका घाईघाईने म्हणाले. "पुढच्या वर्षी. ते वाक्य मी परत घालतो."

लिफ्टवाला आला. एक पट्टा आणि दोन चाव्यांसारखे सुटे भाग बदलून तो तिसऱ्या दिवशी गेलासुद्धा. आठ महिन्यांचा विचार तीन दिवसांत संपला. काकांनी त्याचे इतके आभार मानले की तो बिचारा संशयाने दोनदा मागे वळून पाहत गेला.

संध्याकाळी काकू चौथ्या मजल्यावर लिफ्टमध्ये शिरल्या. काकांनी बटण दाबलं. लिफ्ट जरा कुरकुरली आणि सरळ खाली गेली. कुणी तिरकं केलं नाही, कुणी कोपरा सांभाळा म्हटलं नाही. बाकापर्यंतची वीस-पंचवीस पावलं काकू काठी टेकत आपल्या आपण चालल्या. बसल्या. एकेक जण येऊ लागला. विमावाल्यांची आई, डॉक्टर, सूनबाई. चेअरमन लांबूनच हात वर करून थांबले, मग तेही आले.

काकांना वाटलं, आज दोन शब्द बोलायला हवेत. कुणाचे आभार मानावेत याची यादी त्यांच्या मनात केव्हाची तयार होती: पाचपैकी पाच देणारे, एक देणारी चेअरमनची बायको, कचेरीतला कारकून, नियमाने जाणाऱ्या बाई, आणि हो, चार जिने. ते बाकासमोर येऊन उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला. शर्टाच्या दुसऱ्या बटणाकडे न बघता मान वर केली. "मंडळी," ते म्हणाले.

"अहो," काकू म्हणाल्या, "जरा बाजूला सरका ना. माणसं दिसत नाहीयेत."

काका चटकन बाजूला सरकले.